पाच माणसे, अडीच तिकिटे आणि एक डोंगर

डोंगर म्हटला की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे राजगड, रायगड, हरिश्चंद्रगड अशी नावे रांगेने उभी राहतात. त्या रांगेत जालन्याचे नाव कोणी घेत नाही. जालना म्हणजे मोसंबी, जालना म्हणजे बियाणे, जालना म्हणजे लोखंडी सळया. माझे एक पुणेकर स्नेही आहेत. दर रविवारी कुठला ना कुठला गड चढल्याखेरीज त्यांना सोमवारचा चहा गोड लागत नाही. आम्ही सहकुटुंब डोंगर चढतो असे त्यांना सांगितले, तेव्हा त्यांनी मोठ्या सहानुभूतीने विचारले, “पण तुमच्याकडे चढायला आहे काय? फार तर घराची गच्ची!”

या लेखाचे निमित्त ती गच्ची. आमच्याकडे चढायला काय आहे, ते घरातल्या सगळ्यांना घेऊन एका दिवसात कसे चढून यावे, आणि त्यातून घराला काय मिळते, एवढेच सांगायचे आहे.

उलटा डोंगर

जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी वेगळा झाला. त्याच्या उत्तर अंगाला, भोकरदन-जाफराबादच्या बाजूला, अजिंठ्याच्या डोंगररांगा येऊन टेकल्या आहेत. या रांगेचा स्वभाव समजून घेतला पाहिजे. खानदेशातून येणाऱ्याला ती उभी भिंतच दिसते. आमच्या बाजूने मात्र ती इतकी हळूहळू चढत जाते की, आपण डोंगरावर आलो आहोत हे कळतच नाही. कपाशी, मका, तुरीची शेते चाललेली असतात आणि एकाएकी शेत संपते, जमीन संपते आणि पायांखाली दरी उघडते. इतरत्र माणूस डोंगराच्या पायथ्याशी उतरून माथ्याकडे पाहतो. आम्ही माथ्यावर उतरतो आणि पायथ्याकडे पाहतो!

या कडेवर उभे राहून मुलांना एक गोष्ट जरूर सांगावी. दरीकडे पडलेला पाऊस वाघूरसारख्या नद्यांनी तापीला मिळतो आणि अरबी समुद्राला जातो. पाठीमागे पडलेला पाऊस केळणा, जुई, गिरजा यांच्या वाटेने पूर्णेत, पूर्णेतून गोदावरीत आणि तिच्याबरोबर थेट बंगालच्या उपसागराला जातो. दोन थेंब शेजारी शेजारी पडावेत आणि त्यांनी भारताचे दोन किनारे गाठावेत! भूगोलाच्या पुस्तकात ‘जलविभाजक’ हा शब्द आमच्या चिरंजीवांनी तीनदा पाठ केला होता आणि तीनदा विसरला होता. कड्यावर बाटलीतले दोन घोट पाणी दोन बाजूंना ओतल्यावर तो विसरलेला नाही.

समोरच्या कड्यातले थरही मुलांना मोजायला लावावेत. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारस थरांवर थर साचून हा काळा पाषाण झाला. दोन थरांमध्ये कुठे कुठे लाल मातीचा पट्टा दिसतो. एक लोंढा थंड झाल्यावर दुसरा येईपर्यंत जो काळ मध्ये गेला, त्याची ती खूण. खडकाच्या पोकळ्यांत पांढऱ्या स्फटिकांच्या गारा चमकतात. त्या पाहाव्यात, फोडून आणू नयेत.

तिकिटांचा हिशेब

आता आमची पलटण. माझी आई शहात्तर वर्षांची, सौभाग्यवती, नववीतली कन्या, नऊ वर्षांचे चिरंजीव आणि मी. एस.टी.त बसलो की, कंडक्टरच्या हिशेबाची मौज पाहावी. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना २०२२ पासून प्रवास मोफत, म्हणून आईचे तिकीट शून्य. २०२३ पासून महिलांना निम्मे भाडे, म्हणून सौ. आणि कन्या मिळून एक. चिरंजीव बारा वर्षांच्या आतले, त्यांचे अर्धे. पूर्ण तिकीट काढणारा मी एकटा. पाच माणसांची अडीच तिकिटे! सरकारदरबारी आमच्या घरात पूर्ण माणूस मीच, असे मी पहिल्या प्रवासात जाहीर केले. डोंगराने मात्र हा हिशेब मान्य केला नाही. तिथे शून्य तिकिटाची आई सर्वांत सावकाश, पण सर्वांत अखंड चालते. तिचे बालपण भोकरदन तालुक्यातल्या खेड्यात शेताच्या वाटांवर गेले. जालन्याला माझ्याकडे आल्यापासून बिचारीच्या वाट्याला खुर्ची, खिडकी आणि गुडघ्यांचे तेल एवढेच उरले होते. पूर्ण तिकिटाचा मी मात्र पहिल्या चढालाच थांबून निसर्गसौंदर्य पाहू लागतो.

म्हणून आमचा पहिला नियम असा, की सर्वांत हळू चालणाऱ्याने सर्वांच्या पुढे चालायचे. बहुतेक कुटुंबे याच्या उलट करतात. बाप आणि मुलगा तरातरा पुढे जातात, सावलीत बसून दम खातात आणि मागची मंडळी पोहोचली रे पोहोचली की उठून चालू लागतात. दमलेल्याला विश्रांतीच मिळत नाही! हळू चालणारा पुढे असला की सर्वांची चाल एक होते आणि कोणी मागे उरत नाही.

पायरीपायरीने

एकदम अवघड वाटेला लागू नये. आम्ही वर्षभर पायरीपायरीने चढलो. आरंभ अंबडच्या मत्स्योदरीपासून केला. माशाच्या आकाराच्या टेकडीवरचे हे देवीचे स्थान आणि तिथल्या पायऱ्या, म्हणजे गुडघ्यांची प्रवेशपरीक्षाच. मग राजूरच्या गणपतीची टेकडी. अंगारकीला जालन्याहून राजूरपर्यंतचे पंचवीसेक किलोमीटर अंतर माणसे रातोरात चालत जातात. त्यांच्याबरोबर शेवटचे सहा-सात किलोमीटर चालून पाहावे. आपल्या पायांत किती बळ आहे, आणि पायांतले नवे बूट किती खोटे आहेत, हे त्यात कळते.

तिसरी पायरी जाळीच्या देवाची. भोकरदन तालुक्यात अजिंठ्याच्या डोंगरात महानुभाव पंथाचे हे स्थान आहे. मराठीचा अध्यापक म्हणून मला या वाटेचे विशेष अप्रूप वाटते. चक्रधरस्वामी या महाराष्ट्रात गावोगाव पायी हिंडले आणि त्यांच्या आठवणी म्हाइंभटाने तेराव्या शतकाच्या अखेरीस ‘लीळाचरित्रा’त गोळा केल्या. मराठी गद्याचा आद्य ग्रंथ म्हणजे एका चालणाऱ्या माणसाचे चरित्र! आणि याच जिल्ह्यात, घनसावंगी तालुक्यातल्या जांबेला, १६०८ साली समर्थ रामदास जन्मले. गोदाकाठच्या सपाटीवर वाढलेला हा मुलगा पुढे सह्याद्रीच्या घळींत रमला. जालन्याचा आणि डोंगराचा संबंध काय, असे विचारणाऱ्या पुणेकर स्नेह्यांना मी ही दोन नावे सांगितली. तेव्हापासून ते गच्चीचे नाव काढत नाहीत.

ओझे कोणाचे?

सहकुटुंब भटकंतीचा खरा प्रश्न चढाचा नसून पाण्याचा आहे. आमच्या डोंगरांवर दिवाळीनंतर ओढे आटू लागतात. गडावरच्या टाक्यांतले पाणी पिण्याजोगे असेलच, असे नाही. मोठ्या माणसाला दिवसाला तीन लिटर पाणी हवे. एक लिटर म्हणजे एक किलो. पाच जणांचे बारा-तेरा किलो पाणी झाले आणि ते वाहायचे कोणी? आमच्या घरी ठरले की, प्रत्येकाने आपले पाणी आपण वाहावे, आईचे मी आणि कन्येने वाटून घ्यावे. चिरंजीवांच्या पाठीवर दीड लिटर. सकाळी ते ओझे वाटते, दुपारी ती इस्टेट वाटते.

पाण्यामुळे बाकीचे सामान आपोआप आटते. पहिल्या खेपेला सौ.ने सतरंजी, स्टीलची ताटे आणि लोणच्याची बरणी काढून ठेवली होती. बरणी उचलून पाहिल्यावर तिनेच ती परत फळीवर ठेवली. डोंगरावर आमचे मराठवाडी धपाटे उत्तम. दोन दिवस टिकतात, ताट लागत नाही, सोबत शेंगदाण्याची चटणी असली की झाले. मात्र धपाटे आदल्या रात्री सर्वांनी मिळून थापायचे, हा दुसरा नियम. नाहीतर घरच्या बाईची सहल पहाटे चार वाजता स्वयंपाकघरात सुरू होते आणि रात्री दहाला भांड्यांपाशी संपते.

पायांत जुने, सरावाचे, पकड असलेले बूट हवेत आणि अंगात पायघोळ सुती कपडे. पावसाळ्यानंतर डोंगरावर गुडघाभर गवत असते आणि त्याची कुसळे मोज्यांत अशी शिरतात की, काढता काढता संध्याकाळ होते. गवतात काठी आपटीत चालावे, कारण घोणस आणि फुरसे यांचे ते घर आहे. दगड उचलताना आणि कपारीत हात घालताना आधी पाहावे. आग्या मोहोळ दिसले तर बोलणे बंद करून दुरून निघून जावे. तिथे धूर नको, अत्तर नको, दगड तर नकोच नको. लेण्यांच्या आणि गडांच्या कड्यांना ही मोहोळे हटकून असतात.

वाट वाचायलाही शिकावे. त्याचा सर्वांत चांगला धडा आमच्याच जिल्ह्यात आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी केळणा आणि जुई या नद्यांच्या दुआबात असईची लढाई झाली. समोर मराठ्यांची मोठी फौज, मध्ये केळणा नदी, आणि वाटाडे म्हणत होते की जवळपास उतार नाही. वेलस्लीने पाहिले की, नदीच्या दोन काठांवर दोन गावे समोरासमोर वसली आहेत. दोन गावे अशी बसतात ती येण्याजाण्याची सोय असल्याखेरीज नव्हे, असा त्याने तर्क केला आणि तिथे उतार निघाला. त्या तर्काची किंमत आपल्या माणसांनी भरली, हे मुलांना सांगावेच. पण जमीन वाचणारा जिंकतो, हेही सांगावे. तेव्हापासून आमची मुले पायवाटेला फाटा फुटला की, शेणाचे पो, खुरांचे ठसे, तुटलेल्या काटक्या पाहतात. गुरे जिथे जातात तिथे पाणी असते, आणि संध्याकाळी गुरे जिथे परततात तिथे गाव असते.

म्होरक्याचा शब्द

आता मुख्य गोष्ट. चौथ्या पायरीला आम्ही जिल्ह्याची हद्द ओलांडली आणि वेताळवाडीचा किल्ला गाठायचे ठरवले. हा सोयगाव तालुक्यात, छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात. जालन्याहून भोकरदन, सिल्लोड, पुढे उंडणगाववरून हळदा. हळद्याच्या घाटात रस्ता दरीत उतरू लागतो आणि समोर एका सुट्या डोंगरावर तटबुरुजांचा हा देखणा किल्ला दिसतो. घाटातून एक वाट डोंगराच्या कडेकडेने दरवाजाकडे जाते. चढ थोडा, पण वाट अरुंद आणि एका अंगाला उतार. दुसरी वाट खालून, वेताळवाडी गावातून. ती खरी छातीवरची.

आमच्याकडे प्रत्येक खेपेला एक म्होरक्या नेमलेला असतो. कुठे बसायचे, कधी खायचे आणि मुख्य म्हणजे कधी परत फिरायचे, हे तो ठरवतो. त्याच्या परत फिरण्याच्या शब्दावर वाद घालायचा नाही, हा तिसरा नियम. त्या दिवशी पाळी कन्येची होती.

दसरा होऊन आठवडा झाला होता. पहाटे निघूनही घाटात उतरायला आम्हांला अकरा वाजले. अरुंद वाटेवर चिरंजीव घाबरले, तेव्हा कन्येने त्याला पुढे घेतले आणि आईच्या मागोमाग एकेक पाऊल टाकायला लावले. दरवाजा आता हाकेच्या अंतरावर आला होता. बुरुजाचे दगड मोजता येत होते. तेवढ्यात दक्षिणेकडे काळे ढग चढू लागले. परतीचा पाऊस आमच्याकडे विजा घेऊन येतो. मराठवाड्यात दर वर्षी शेतात, झाडाखाली उभी असलेली माणसे विजेने दगावतात. उघड्या डोंगरधारेवर माणूसच सर्वांत उंच असतो. कन्या थांबली. तिने ढगांकडे पाहिले, आजीकडे पाहिले, मागच्या अरुंद वाटेकडे पाहिले आणि म्हणाली, “परत फिरायचं.”

“ताई, दरवाजा इथेच तर आहे!” चिरंजीव ओरडले.

तिने माझ्याकडे पाहिले. मी बाप, त्यातून अध्यापक, म्हणजे दुहेरी उपदेशक. ‘पाच मिनिटांत शिवून येऊ’ हे वाक्य माझ्या ओठांवर आले होते. पण नियम मीच केला होता. मी पाठीवरची पिशवी सारखी केली आणि वळलो.

आणि गंमत अशी की, पाऊस आलाच नाही! आम्ही घाटात पोहोचेपर्यंत ढग पूर्वेला सरकले आणि लख्ख ऊन पडले. त्या उन्हात किल्ला असा काही झळाळत होता की, पाहवेना. परतीच्या एस.टी.त चिरंजीवांनी ताईला ‘भित्री’ अशी पदवी दिली. कन्या खिडकीबाहेर पाहत होती. तिच्या डोळ्यांत पाणी होते. मी तिची समजूत घालण्यासाठी एक लांबलचक वाक्य जुळवू लागलो, तोच आई नातवाला म्हणाली, “का रे, आभाळ भरलं म्हणून बाईनं वाळवण आत घेतलं आणि पाऊस आला नाही, तर तिला कुणी वेडी म्हणतं का? वाळवण घरात असलं म्हणजे झालं.”

पंचवीस वर्षे वर्गात बोलून मला असे एक वाक्य साधलेले नाही. निर्णय बरोबर की चूक, हे पुढे पाऊस आला की नाही यावर ठरत नाही. त्या घटकेला समोर जे दिसत होते त्यावर ठरते. परीक्षेच्या निकालावर मुलांची किंमत करणाऱ्या आपणा पांढरपेशा आईबापांना हे कळायला फार वेळ लागतो. चौदा वर्षांच्या मुलीने तीन वडीलधाऱ्यांच्या देखत ‘नाही’ म्हणावे आणि ते सर्वांनी ऐकावे, असा प्रसंग आपल्या घरांत एरवी केव्हा येतो? उद्या कॉलेजात, नोकरीत, संसारात तिला कुठेतरी ‘इथून परत फिरायचं’ असे म्हणावे लागेल. त्याचा सराव कुठेतरी व्हायला हवा ना?

मार्गशीर्षात आभाळ निवळल्यावर आम्ही पुन्हा गेलो. म्होरकी तीच. या वेळी तिने दोन तुकड्या केल्या. ती, तिची आई आणि भाऊ खालून, गावातल्या चढाने आले. मी आईला घेऊन घाटातल्या वाटेने गेलो. दरवाजावर कोरलेली शरभशिल्पे पाहिली, धान्यकोठार पाहिले आणि उत्तरेच्या कड्यावर, जिथून सोयगावचा सारा मुलूख दिसतो त्या हवामहालाच्या कमानीत बसलो. थोड्या वेळाने खालून घामाघूम झालेले तीन चेहरे वर आले. चिरंजीवांनी धपाटे काढले आणि पहिला घास न सांगता ताईच्या हातावर ठेवला. ‘भित्री’ ही पदवी त्या दिवशी विनासमारंभ मागे घेण्यात आली.

पुढच्या वाटा

वेताळवाडी झाली की पुढे वाटा पुष्कळ आहेत. जवळच रुद्रेश्वरचे लेणे आहे. जंजाळ्याच्या पठाराला लागून घटोत्कच लेणी आहेत. वाकाटकांचा मंत्री वराहदेव याचा लेख तिथे आहे. अजिंठ्याला तर सगळेच जातात, पण पठारावरच्या दर्शनस्थळावरून पायी लेण्यांकडे उतरणारे थोडे. १८१९ साली जॉन स्मिथ या शिकारीला आलेल्या इंग्रज अधिकाऱ्याला ही लेणी दिसली आणि जगाला त्यांचा पत्ता नव्याने लागला. वाघूर नदीचा नालासारखा बाक आणि त्यात ओवलेली तीस लेणी वरून पाहिली की, खालची चित्रे अधिक समजतात.

अरण्य पाहायचे तर कन्नड-चाळीसगावच्या बाजूचे गौताळा-औट्रमघाट अभयारण्य. ते १९८६ साली घोषित झाले. तिथे वनखात्याच्या नाक्यावर नोंद करून, त्यांनी सांगितलेल्या वाटेनेच जावे. २०२१ च्या मार्चमध्ये विदर्भातल्या टिपेश्वरहून शेकडो किलोमीटर चालत आलेला एक वाघ इथल्या कॅमेऱ्यात दिसला, कित्येक दशकांनंतर. शेते, रस्ते, गावे चुकवीत तो आला आणि वाटेत कोणाला फारसा कळलाही नाही. चालावे कसे, हे त्याच्याकडून शिकावे!

या वाटांना निघताना आपण कुठे जातो आणि केव्हा परतणार हे शेजाऱ्यांना सांगावे, कारण घाटात मोबाइल पुष्कळदा मुका होतो. पायथ्याच्या गावातला एखादा गुराखी वाटाड्या म्हणून घ्यावा आणि त्याला योग्य मोबदला द्यावा. दुपारी एक ही परतीची शेवटची वेळ समजावी. कार्तिकात पावणेसहाला सूर्य मावळतो आणि उतरताना गुडघे चढण्याहून अधिक वेळ मागतात. कागद, पिशव्या, बाटल्या, जे नेले ते परत आणावे. एप्रिल-मेच्या उन्हात आणि विजांच्या दिवसांत घरीच बसावे.

वाचकहो, हा अंक हातात पडेल तेव्हा घरोघर फराळाचे डबे भरलेले असतील. भाऊबीज उरकली की चौथ्या-पाचव्या दिवशी चकल्या मऊ पडू लागतात, मुले मोबाइलमध्ये डोके घालतात आणि मोठी माणसे ‘सुट्टी संपली’ म्हणून सुस्कारे टाकतात. नेमक्या त्या दिवशी पहाटेची एस.टी. पकडा. डोंगरात सीताफळे पिकलेली असतील, गवत सोनेरी झालेले असेल, आभाळ धुतल्यासारखे असेल. आजीला पुढे चालू द्या, धाकट्याच्या पाठीवर त्याचे पाणी द्या आणि घरात ज्याचा शब्द सर्वांत कमी चालतो, त्याला त्या दिवसाचा म्होरक्या करा. गड चढून झाला तर उत्तमच. नाही झाला तर तो तिथेच राहणार आहे. पुढच्या महिन्यात पुन्हा अडीच तिकिटे काढता येतील.